गाडीला अर्थ मिळेना



बुवांचा लेख म्हणजे एखाद्या अभंगाचे निरूपण असणार, अशा समजुतीने आपण हे पान उघडले असेल. या खेपेला विषय निराळा आहे. आमच्या दिंडीची जुनी पिकअप गाडी आणि तिचे बिघडलेले वायरिंग, हा तो विषय. वारीत चालणाऱ्या माणसाला याचे फार नवल वाटणार नाही. दिंडीत वीणा असते, मृदंग असतो, टाळकरी असतात, डोक्यावर तुळस घेतलेली माउली असते. आणि या सगळ्यांबरोबर एक गाडी असते, जिचे नाव कोणी घेत नाही. तांदळाची पोती, डाळ, पीठ, शेगड्या, दोन सिलिंडर, राहुट्यांचे बांबू, सतरंज्या, औषधांची पेटी आणि पाय सुजलेले एखादे म्हातारे, हे सगळे तिच्या हौद्यात. ती वेळेवर मुक्कामी पोचली नाही, तर दशमीलाच एकादशी घडते.

आमचे गाव कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या अंगाला. आता गाव म्हणायचे एवढेच. चारी बाजूंनी इमारती उठल्या आणि पत्त्याला डोंबिवली पूर्व लागले. पण मंदिर, सप्ताह आणि दिंडी अजून गावाची आहे. आषाढीला आम्ही आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालतो आणि कार्तिक वद्यात समाधी सोहळ्यासाठी गावातूनच पायी आळंदीला जातो. शीळफाटा, पनवेल, खोपोली, खंडाळ्याचा घाट, लोणावळा, वडगाव, देहू, अशी ती वाट. आषाढीच्या वाटेवर लाखोंचा समाज असतो, पोलिसांचा बंदोबस्त असतो, इतर वाहने वळवलेली असतात. कार्तिकीच्या वाटेवर आम्ही साठ-सत्तर जण, आणि अंगाला चाटून जाणारे कंटेनर. तिथे आमची गाडी पुढे निघून जात नाही. ती शेवटच्या माणसाच्या मागे, त्याच्याच चालीने, दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे मिचकावत येते. मागून येणाऱ्याला आधी ती दिसली पाहिजे, म्हणजे तिच्या पुढे चालणारी माणसे वाचतात. पहाटे काकडा करून निघालो की पहिले दोन तास अंधाराचेच असतात.

आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात काही तारखा घर करून आहेत. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी संत नामदेवरायांच्या पालखीबरोबर आळंदीला निघालेल्या दिंडीत दिवेघाटात जेसीबी घुसला आणि नामदेवरायांचे वंशज सोपान महाराज नामदास यांच्यासह दोघे गेले. डिसेंबर २०२३ मध्ये शिर्डीहून आळंदीला निघालेल्या दिंडीवर पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनर आला; चार वारकरी गेले. जुलै २०२४ मध्ये आषाढीच्या तोंडावर डोंबिवलीच्या बाजूच्या वारकऱ्यांना पंढरीला नेणारी बस द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला धडकून खाली कोसळली. पाच जण गेले. त्या दिवशी आमच्या पंचक्रोशीत चुली पेटल्या नाहीत. या तिन्ही अपघातांची कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांचा निवाडा करणारा मी कोण? पण रस्त्यावर पाय ठेवणाऱ्या दिंडीने आपल्या हाती आहे तेवढे तरी चोख ठेवावे, असे तेव्हापासून वाटत होते. मागचा लाल दिवा आपल्या हाती आहे.

आणि नेमका तोच आमच्या गाडीचा जात होता.

गाडी २००६ सालची, एमएच-०५ क्रमांकाची, म्हणजे कल्याणच्या नोंदणीची. दिंडीने घेतली तेव्हाच ती जुनी होती. त्याआधी ती भाजी वाहायची. इंजिन अजून खणखणीत आहे. जुने डिझेल इंजिन एकदा चालू झाले की विजेवाचूनही बहुधा चालत राहते, आणि त्यामुळेच अशा गाडीतला विजेचा दोष वर्षानुवर्षे खपून जातो. चाके फिरतात ना, मग झाले! आमच्या गाडीची लक्षणे मात्र चमत्कारिक होती. ब्रेक दाबला की ब्रेकचा दिवा मंद लागायचा आणि शेजारचा इंडिकेटर उगाच मिणमिणायचा. हेडलाइट लावले की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायचा, बंद केले की खाली यायचा; जणू दिवा लावल्याने पाणी उकळते. पावसात हॉर्न मुका. ड्रायव्हर आमचाच पुतण्या, तो म्हणायचा, "काका, हिला भूतबाधा झाली आहे."

गेल्या कार्तिकात खोपोलीहून खंडाळ्याच्या चढणीला लागलो आणि दिवस मावळताना मागचे सगळे दिवे एकदम गेले. थांबायला जागा नाही, मागे फिरायला वाट नाही. तेव्हा बारावीतला एक मुलगा हौद्यात मागे तोंड करून बसला. त्याने बॅटरीच्या तोंडावर गुलालाची रिकामी तांबडी पिशवी बांधली आणि लोणावळ्यापर्यंत ती हातात धरून हलवत राहिला. मुक्कामी पोचल्यावर त्याचा हात खांद्यापासून वर होईना. त्याची आई दिंडीतच होती. ती कोणालाच काही बोलली नाही, आणि तिचे ते न बोलणे मला फार लागले.

परत आल्यावर गाडी तीन ठिकाणी दाखवली. पहिल्याने बॅटरी बदलली. दुसऱ्याने अल्टरनेटर खोलून दुरुस्त केला आणि फ्लॅशर नवा घातला. तिसऱ्याने सगळे बल्ब बदलून मागच्या दिव्यांना पुढून एक नवी वायर ओढून दिली. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. अकरा हजार रुपये गेले. वर्गणीचा पैसा, त्यात घरकाम करणाऱ्या बायांचे पन्नास-पन्नास रुपये आहेत. चैत्रात कोणीतरी सांगितले की काटई नाक्याच्या बाजूला एका गाळ्यात फक्त वायरिंगच करणारा मिस्त्री आहे, वयाने तिशी-पस्तिशीचा, बोलतो कमी. म्हटले, चला, मीही येतो. कीर्तन सुटल्यापासून मला सकाळी दुसरे काम तरी काय?

त्याने बॉनेट उघडले नाही की बॅटरी पाहिली नाही. गाडीच्या मागे उकिडवा बसला आणि पुतण्याला ब्रेक दाबायला, सोडायला, इंडिकेटर लावायला सांगत दिव्यांकडे बघत राहिला. पाच मिनिटांनी उठून म्हणाला, "बुवा, मागच्या दिव्यांना अर्थ मिळत नाही."

सज्जनहो, मी चमकलो. शब्द बरोबर आहेत, स्वर बरोबर आहे आणि अर्थ मिळत नाही, हे वाक्य मी विद्यार्थीदशेत आमच्या गुरुजींच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल! हरिपाठ घडाघडा म्हणून दाखवला की ते डोळे मिटून ऐकत आणि शेवटी विचारत, "अर्थ?" आम्ही खाली मान घालायचो. मिस्त्रीचा 'अर्थ' अर्थातच वेगळा. मूळ शब्द इंग्रजीतला, पृथ्वी किंवा माती अशा अर्थाचा. घरातल्या विजेच्या खांबाजवळ जमिनीत तार पुरतात ते अर्थिंग, तेच हे. गॅरेजवाल्यांच्या जिभेवर घासून घासून तो आपला 'अर्थ' झाला. पण त्याने पुढे जे समजावले ते ऐकताना मला राहून राहून गुरुजींचा तो प्रश्न आठवत होता.

घरात दिव्याला दोन तारा लागतात, हे आपल्याला ठाऊक आहे. एकीने वीज येते, दुसरीने परत जाते. गाडीत बहुतेक दिव्यांना बॅटरीकडून येणारी तार एकच असते. परतीची तार वेगळी ओढलेली नसते. गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट. बॅटरीचे वजा टोक जाड पट्टीने सांगाड्याला बांधलेले असते आणि प्रत्येक दिवा कुठे ना कुठे बोल्टाने किंवा छोट्या तारेने त्याच सांगाड्याला टेकलेला असतो. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून जाते, लोखंडातून चालत परत बॅटरीला मिळते. ही फेरी पुरी झाली तरच दिवा लागतो. पोचवणारी तार कितीही जाड आणि नवी कोरी असो, परतीची वाट बुजली असेल तर उजेड पडत नाही. आमच्या आधीच्या तिघांनी पोचवणारी बाजू तीनदा नवी केली होती. परतीच्या वाटेकडे कोणी पाहिलेच नव्हते.

त्याने मला ते मोजूनही दाखवले. मीटरची एक काडी बॅटरीच्या वजा टोकाला लांब तारेने जोडली, दुसरी मागच्या दिव्याच्या पत्र्याला टेकवली आणि दिवे लावायला सांगितले. वाट स्वच्छ असेल तर इथे आकडा शून्याच्या जवळ राहतो, व्होल्टचा एखाद-दुसरा दशांश फार तर. आमचा आकडा चार व्होल्ट दाखवत होता. म्हणजे बाराच्या बॅटरीतले चार व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते आणि दिव्याच्या वाट्याला आठ येत होते. शेजारचा इंडिकेटर का मिणमिणायचा, तेही मग उलगडले. ब्रेकच्या दिव्याची वीज परत जायला निघे, सांगाड्याची वाट बंद दिसे, मग ती शेजारच्या दिव्यातून उलटी शिरून त्याच्या तारेने वाट काढी. तापमानाचा काटा चढायचा तोही अशाच चोरवाटेने. डॅशबोर्डाच्या मागे दिव्यांची आणि काट्यांची अर्थाची तार एकाच बोल्टाला होती आणि तो बोल्ट ढिला झाला होता. म्हणजे भूतबाधा दोन बोल्टांची होती.

मागचा बोल्ट निघता निघेना. दर ज्येष्ठात गाडी रंगवायची, हा आमच्या दिंडीचा नेम. हौदा भगवा, कडेला पांढरी रेघ, मागच्या फळीवर माउलींचे नाव. रंग देणारी पोरे भक्तिभावाने बोल्टावरही ब्रश फिरवत आली. मिस्त्रीने खरवडायला घेतले तेव्हा भगव्याखाली भगवा, त्याखाली लाल, त्याखाली भाजीवाल्याच्या वेळचा निळा असे थर निघाले, आणि सगळ्यांच्या तळाशी गंज. रंगातून वीज जात नाही. शिवाय आमची हवा कशी आहे ते ठाणे-कल्याणकडच्या वाचकांना सांगायला नको. एकीकडे उल्हासची खाडी, तिचा खारा दमट वारा. दुसरीकडे एमआयडीसी, जिथला रस्ता २०२० साली गुलाबी झाला होता आणि टीव्हीवर दाखवला होता. अशा हवेत उघड्या तांब्याला हिरवी बुरशीसारखी कीड लागते. मिस्त्रीने एक वायर सोलून दाखवली. वरचे प्लॅस्टिक ठाकठीक, आतली तार काळीहिरवी आणि हाताने चुरगळली की पीठ.

दोन बोल्ट साफ केले असते तर आमचे काम त्या दिवशी झाले असते. पण त्याने गाडीच्या पोटाखाली हात घातला आणि तारांचा एक गुंता खाली ओढला. एवढा मोठा, की माझ्या दोन मुठींत मावेना. म्हणाला, "बुवा, हे आधी बघा. मग किती करायचे ते तुम्ही सांगा."

कंपनीतून गाडी निघते तेव्हा तिच्या तारांची एक जुडी असते. प्रत्येक तारेला रंग असतो आणि पुष्कळदा त्या रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असते; त्यावरून ती कुठून कुठे जाते ते जाणकाराला कळते. आमच्या गाडीत त्या मूळ जुडीवर वीस वर्षांत जो तो आपली तार चढवत गेला होता. भाजीवाल्याने हौद्यात दिवा केला. नंतर दिंडीला कोणी भोंगा दिला, त्याचा अँप्लिफायर आला. कोणी हौद्याच्या कडेने एलईडीची माळ दिली. कोणी मागे उजळणारी नावाची पाटी. मोबाईल चार्ज करायला इन्व्हर्टर आला. प्रत्येकाने हाताशी होती ती वायर घेतली. एक तर घरातल्या टेबलफॅनची होती. मूळ तार मधेच सोलायची, तिला आपली गुंडाळायची, वर काळी टेप. मिस्त्रीने असे सव्वीस जोड मोजले, आणि त्यातल्या सात ठिकाणी टेपही राहिली नव्हती.

हे पाहताना मला पैठण आठवले. माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी लिहिली गेली, या गावातून त्या गावात गेली. लिहिणाऱ्याला एखादा शब्द अडला, त्याने सोपा घातला. कोणाला एखादी ओवी सुचली, त्याने भक्तीच्या भरात ती तिथेच घातली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. शेवटी शके १५०६ मध्ये, सन १५८४ साली, नाथमहाराजांनी जुन्या प्रती जुळवून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. ज्ञानेश्वरी जयंती आपण भाद्रपद वद्य षष्ठीला करतो ती त्या शुद्धीची आठवण. आणि शुद्ध प्रत सिद्ध झाल्यावर नाथांनी पुढच्यांना बजावून ठेवले, की यात कोणी आपली ओवी घालू नये. स्वतः एवढे मोठे कवी. भागवत लिहिले, रामायण लिहिले, भारुडे लिहिली. पण माउलींच्या पोथीत त्यांनी आपली भर घातली नाही. आपली रचना करायची तर ती वेगळ्या पोथीत. अभ्यासकांना प्रक्षिप्त ओवी तिच्या भाषेवरून ओळखू येते म्हणतात. आमच्या मिस्त्रीला प्रक्षिप्त वायर तिच्या रंगावरून ओळखू येत होती.

मी म्हटले, "सगळे कर. मूळचे ठेव, वरचे काढ."

तीन दिवस गाडी गाळ्यात होती आणि मी रोज सकाळी शेअर रिक्षाने जाऊन स्टुलावर बसत होतो. दुसऱ्या दिवशी फ्यूजचा डबा उघडला. फ्यूज म्हणजे तारेच्या वाटेवर मुद्दाम ठेवलेला सर्वांत दुबळा तुकडा. ठरल्यापेक्षा जास्त वीज वाहू लागली की तो आधी वितळतो आणि तार वाचते. आजकालच्या चपट्या फ्यूजना रंग असतात. दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा, तीसचा हिरवा. आमच्या डब्यात एका निळ्याच्या जागी हिरवा होता आणि दुसऱ्या जागी फ्यूजच नव्हता, सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीची घडी होती. दिंडीच्या गाडीत सिगरेटची चांदी कुठून आली, तो वेगळा विषय. त्याची चौकशी मी घरी जाऊन केली. भोंग्याची आणि इन्व्हर्टरची तार तर थेट बॅटरीवरून घेतली होती, मधे काहीच नाही. ती तार हौद्याच्या तळातून गेली होती आणि एका ठिकाणी पत्र्याच्या कडेला घासून तिचे प्लॅस्टिक अर्धे कापले गेले होते. मिस्त्रीने बोट ठेवून विचारले, "इथे वर काय असते?" पुतण्या हलक्या आवाजात म्हणाला, "सिलिंडर."

त्यावर आम्ही तिघेही काही वेळ बोललो नाही. तार पूर्ण कापली जाऊन पत्र्याला टेकली असती, तर वाटेत फ्यूज नाही म्हणून बॅटरीची सगळी शक्ती त्या एका ठिणगीत उतरली असती. एवढी वर्षे आम्ही त्यावर भांडी, पोती आणि दमलेली म्हातारी माणसे बसवून नेत होतो.

इन्व्हर्टरचा हिशेब मी स्वतः कागदावर मांडला. त्रैराशिक अजून येते. एका मोबाईलला दहा वॅट धरा. चाळीस मोबाईल लावले की चारशे वॅट. बारा व्होल्टच्या बॅटरीतून चारशे वॅट काढायचे म्हणजे तेहतीस अँपिअर, आणि इन्व्हर्टर स्वतः थोडे खातो, ते धरून छत्तीस-सदतीस. हेडलाइटचे दोन मोठे बल्ब मिळून दहाच्या आसपास घेतात. आता गाडी चालते आहे वारकऱ्याच्या पायाच्या गतीने, इंजिन जेमतेम फिरते आहे. इंजिन सावकाश फिरले की अल्टरनेटरही सावकाश फिरतो आणि वीज कमी करतो. मग तूट बॅटरीतून भरली जाते आणि संध्याकाळी, जेव्हा दिव्याची गरज, तेव्हा बॅटरी बसलेली. गाडी महामार्गावर पळवली असती तर हे जाणवलेही नसते. दिंडीच्या गाडीची अडचण दिंडीच्या चालीतूनच निघते, हे मिस्त्रीलाही पटले. इन्व्हर्टर काढला. मोबाईल मुक्कामाच्या गावी शाळेत, मंदिरात चार्ज होतात. काही तरुण कुरकुरले. भोंगाही काढला, त्याबद्दल मात्र मी कोणाची समजूत काढत बसलो नाही. साठ माणसांच्या हरिपाठाला भोंगा लागत असेल, तर दोष गळ्यात आहे. हे माझे मत झाले. ज्यांच्या दिंड्या मोठ्या आहेत त्यांनी त्यांचे पाहावे.

पाटीचे प्रकरण सोपे नव्हते. ती देणारे गृहस्थ दिंडीचे जुने आश्रयदाते. त्यांनी एका वर्षी सगळे तांदूळ दिले आहेत. पाटीवर वर विठ्ठल-रखुमाई आणि खाली त्यांच्या वडिलांचे नाव. तिचा लाल-निळा उजेड मागच्या दिव्यांच्या अगदी मधे पडायचा, त्यामुळे ब्रेकचा दिवा लागला की नाही ते मागच्याला कळत नसे. मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितले. ते म्हणाले, "बुवा, तुम्ही कीर्तनात माझ्या वडिलांचे नाव घेतले आहे. आज तुम्हीच ते उतरवता?" मी म्हटले, नाव मंदिराच्या भिंतीवर लावू, गाडीवर नको. त्यांनी चहा दिला, पण यंदाच्या सप्ताहाला ते आले नाहीत. पाटी मी स्वतः रिक्षात घालून त्यांच्या घरी पोचवली. ती ओटीवर भिंतीला टेकवून ठेवलेली जाता-येता दिसते.

तिसऱ्या दिवशी काम बरेचसे जोडाजोडीचे होते. अर्थाचे बोल्ट जिथे बसतात तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, नवे टोक बसवले, कसून आवळले आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावले, म्हणजे पाणी आत शिरत नाही. बॅटरीपासून सांगाड्यापर्यंतची आणि इंजिनापासून सांगाड्यापर्यंतची अशा दोन्ही पट्ट्या नव्या घातल्या. मागच्या दिव्यांना सांगाड्याच्या भरवशावर न ठेवता परतीची एक वेगळी तार केबिनपर्यंत आणली; जुन्या गाडीला हे बरे, असे तो म्हणाला. हौद्यातला एक दिवा ठेवला, स्वयंपाकाला लागतो म्हणून, पण त्याला स्वतंत्र फ्यूज दिला. शेवटी पुन्हा मीटर लावला. चारच्या जागी आकडा एका दशांशावर आला. ब्रेक दाबला तर समोरच्या भिंतीवर तांबडा उजेड पडला. एकूण खर्च चार हजार दोनशे. अर्थ या शब्दाला पैसा असाही अर्थ आहे, तो इथे कमीच लागला.

ज्यांच्या दिंडीला अशी जुनी गाडी आहे त्यांनी ज्येष्ठ लागण्याआधी एक संध्याकाळ तिच्यासाठी काढावी. साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर साडेबारा-बारा पूर्णांक सहाच्या आसपास व्होल्ट असावेत. बारा पूर्णांक दोनला आले तर ती अर्धी रिकामी. इंजिन चालू केल्यावर पावणेचौदा ते साडेचौदाच्या आत आकडा यावा. तेराच्या वर जातच नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याची तार पाहावी. अंधार पडल्यावर एकाने ब्रेक दाबावा आणि दुसऱ्याने मागे वीस पावले जाऊन उभे राहावे. एक दिवा लावल्यावर भलताच दिवा मिणमिणत असेल तर बल्ब बदलण्यात पैसे घालवू नयेत, आधी अर्थ तपासावा. आणि दिवे गेलेच तरी गाडी दिसावी म्हणून मागे तांबडी, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी अशी चमकणारी पट्टी लावावी. तसा नियमच आहे, पण रंगकाम करणारी पोरे तीवरही ब्रश फिरवतात, म्हणून तेव्हा कोणीतरी जाणते माणूस उभे असावे.

यंदा रंगाच्या दिवशी मीच खुर्ची टाकून बसलो होतो. बोल्टांवर आणि पट्ट्यांवर कागद चिकटवून मग ब्रश फिरला. मिस्त्रीने जाताना दिंडीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर सगळ्या तारांचा नकाशा काढून दिला आहे, कोणती कुठून निघते, कोणत्या फ्यूजमधून जाते, कुठे सांगाड्याला मिळते. त्याचे अक्षर वाचवत नाही, म्हणून बॅटरी धरून बसलेल्या त्या मुलाने तो शेजारच्या पानावर नीट उतरवून घेतला. तो आता डिप्लोमाला जातो. खाली त्याने एक ओळ आपल्या मनाने लिहिली आहे: नवीन काही जोडायचे असल्यास आधी विचारावे. कोणाला विचारावे ते लिहायचे राहिले होते. मी त्याला तिथे त्याचेच नाव घालायला सांगितले.